आधी माळ्यावरची पेटी उघडा, मग टर्नटेबल निवडा

पहिल्या नोकरीचा पगार हातात आला तेव्हा मी हौसेने एक सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेयर मागवला. लाल रंगाचा, झाकणाला सोनेरी कडी, आत दोन छोटे स्पीकर. फोटोत तो इतका गोड दिसत होता की बाकी काही बघितलंच नाही. आजोबांच्या रेकॉर्ड्सची पेटी कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती, ती खाली काढली. त्यातली एक छोटी रेकॉर्ड आजीच्या आवडीची. वर्षभर जवळजवळ रोज संध्याकाळी ती लागायची. सुई बदलायची असते, हे मला माहीतच नव्हतं.

पुढे आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला बाबा, काका आणि मी पैसे जमवून तिच्यासाठी एक चांगलं टर्नटेबल घ्यायचं ठरवलं. दुकानात ऐकायला म्हणून तीच रेकॉर्ड बरोबर नेली. पहिलं गाणं सुरेख वाजलं. दुसऱ्या गाण्यात मात्र प्रत्येक ‘स’ फाटका, सनईच्या सुरात खरखर. दुकानदाराने दुसरी सुई लावून पाहिली, मग दुसऱ्या टर्नटेबलवर लावून पाहिली. शेवटी म्हणाला, “ताई, मशीनचा दोष नाही. खाच घासली गेलीय.”

घासलेली खाच परत भरून येत नाही. जुन्या रेकॉर्ड्स काही घरांत एकेकच उरल्यात, त्यामुळे पहिला सेटअप निवडताना प्रश्न फक्त तुमच्या पैशांचा नसतो. तुम्हीही साध्या प्लेयरच्या पुढचं, साधारण लाखाच्या आसपासचं टर्नटेबल घ्यायचा विचार करत असाल, तर मॉडेलांची तुलना करण्याआधी एक काम करा. घरात काय काय आहे ते बघा.

पेटीत काय निघालं?

जुन्या मराठी घरांतल्या पेट्यांमधून बहुतेक वेळा तीन प्रकारच्या रेकॉर्ड्स निघतात. बारा इंची एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते आणि एका बाजूला साधारण वीस मिनिटं वाजते. सात इंची छोटी ईपी 45 फेऱ्यांची, बाजूला दोन गाणी. आणि तिसरी ती जड, जाड, पडली की बशीसारखी फुटणारी, 78 फेऱ्यांची, बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची. नाट्यपदं, जुनी भावगीतं, बालगंधर्वांच्या तबकड्या या तिसऱ्या प्रकारात मिळतात. भारतातली सुरुवातीची ध्वनिमुद्रणं 1902 साली कलकत्त्यात झाली. तिथे गाणाऱ्या गौहरजानपासून पुढची कितीतरी वर्षं आपलं संगीत याच जाड तबकड्यांवर घरोघरी गेलं.

दोन्ही काळ्या आणि गोल असल्या तरी 78ची तबकडी आणि एलपी या सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत. एलपी विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची. 78ची तबकडी लाखेची, म्हणजे आपल्याकडे बांगड्यांसाठी वापरतात त्याच लाखेची, दगडाची बारीक भुकटी मिसळून दाबलेली. तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीसाठीच्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन, तर 78साठीच्या सुईची साधारण 75. एलपीची सुई 78च्या खाचेत घातली की ती तळाशी जाऊन बसते आणि तिथला साठ-सत्तर वर्षांचा कचरा वाचत राहते. तुम्हाला वाटतं रेकॉर्डच खराब आहे. उलट 78ची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपीचं कायमचं नुकसान होतं. बाजारात पितळी कर्ण्याचे, चावीचे ग्रामोफोन शोभेसाठी मिळतात. त्यांच्यावर चुकूनही एलपी लावू नका. त्यांची लोखंडी सुई आणि जड डोकं एकाच फेरीत एलपीचं काम तमाम करतात.

म्हणून आधी मोजा. पेटीत 78च्या तबकड्या किती, ईपी किती, एलपी किती? फक्त एलपी आणि ईपी असतील तर तुमच्यापुढे सगळा बाजार मोकळा आहे. 78च्या तबकड्या असतील आणि त्या खरंच ऐकायच्या असतील, तर निम्मी मॉडेलं इथेच यादीतून बाद होतात. कित्येक महागड्या टर्नटेबलांना 78चा वेगच नसतो. जितका किमतीचा आकडा मोठा तितक्या सोयी जास्त, हा मोबाइल घेतानाचा हिशेब इथे चालत नाही.

पेटी उघडलीच आहे तर स्वच्छतेचंही बोलून घेऊ. विनाइलच्या रेकॉर्ड्स डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाच्या एखाद्या थेंबाने, मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने गोल पुसा. मधलं लेबल कोरडं राहू द्या. पण इंटरनेटवर रेकॉर्ड धुण्याचं जे द्रावण सुचवतात, त्यात बरेचदा अल्कोहोल असतं. ते 78च्या तबकडीला लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराला विचारा, तो रोज तेच करतो.

जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात?

टर्नटेबलला करायची कामं दोनच. तबकडी एकसारख्या वेगाने, न थरथरता फिरवायची आणि सुईला खाचेत नीट धरून ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती चारशे मीटरच्या आसपास भरेल. त्या खाचेची रुंदी माणसाच्या केसाएवढी आणि आवाज साठवलेली वळणं त्याहून कितीतरी बारीक. मोटरची थरथर, टेबलाचा धक्का, कुणी जवळून चालत गेलं तर ते, सगळं सुईला कळतं. सुई त्यात गाणं कुठलं आणि गोंगाट कुठला हा भेद करत नाही.

परदेशी लेख वाचाल तर ते तुम्हाला ड्रमचा ठोका आणि गिटारची तार ऐकायला सांगतील. आपल्याकडे याहून कडक परीक्षक आहे, तो म्हणजे तानपुरा. ड्रमचा ठोका क्षणात संपतो. तानपुऱ्याचा षड्ज मिनिटामागून मिनिटं तसाच चालू राहतो. वेग जरा जरी डळमळला तर तो षड्ज हलल्यासारखा वाटतो, पेटीचा लांब सूर लाटेसारखा वर-खाली होतो. भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांच्या कुठल्याही ख्यालाच्या एलपीची पहिली दोन मिनिटं शांतपणे ऐका. गायन सुरू होण्याआधीच तुम्हाला मोटर कशी आहे ते कळेल. (रेकॉर्डचं मधलं भोक थोडं सरकलेलं असलं तरी सूर असाच हेलकावतो. म्हणून एकाच रेकॉर्डवर निकाल लावू नका, दोन-तीन लावून बघा.)

दुसरी परीक्षा बाजू संपताना. रेकॉर्डचा फिरण्याचा वेग बदलत नाही, पण आतल्या बाजूला वर्तुळ लहान होत जातं. कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, शेवटाला जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो आणि सुईला तो वाचणं सगळ्यात अवघड जातं. आता आपल्या शास्त्रीय संगीताची मांडणी आठवा. संथ आलाप सुरुवातीला, द्रुत आणि जोरकस ताना शेवटी. जिथे रेकॉर्ड सगळ्यात नाजूक, नेमकं तिथेच गायक सगळ्यात वेगात. आजीच्या ईपीचं दुसरं गाणं आधी का गेलं, याचं उत्तरही हेच. जड आणि झिजलेल्या सुईचा मार आतल्या खाचांवर जास्त बसतो.

तर माझ्या मते पैसे याच दोन गोष्टींवर खर्च व्हावेत. एक, वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा. दोन, चांगला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आणि त्याच्या टोकाला चांगली सुई. चकचकीत अक्रिलिक, दिवे, ब्लूटूथ या गोष्टी मागून. ब्लूटूथबद्दल तर स्पष्टच सांगते. लाखाचं टर्नटेबल घेऊन त्याचा आवाज ब्लूटूथने छोट्या स्पीकरवर पाठवणार असाल, तर तोच अल्बम मोबाइलवर ऐका. पैसेही वाचतील आणि रेकॉर्डही झिजणार नाही.

सुईचं टोक ही किमतीतली सर्वांत दुर्लक्षित बाब. गोल टोकाची सुई सर्वांत स्वस्त. तिच्यापुढची लंबगोल, इलिप्टिकल. त्याहीपुढे शिबाटा, मायक्रोलिनिअर असे बारीक घडवलेले हिरे येतात. टोक जितकं बारकाईने घडवलेलं, तितक्या आतल्या खाचा स्वच्छ ऐकू येतात. ऑर्टोफोनच्या 2एम मालिकेत रेड घेतलं तर नंतर फक्त सुई बदलून ब्लू करता येतं, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागत नाही. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम95 मालिकाही तशीच. गोल टोकापासून शिबाटापर्यंतच्या सुया एकाच कार्ट्रिजवर बसतात आणि त्यात 78साठीची जाड सुईही आहे. पहिला सेटअप असेल तर मला ही सोय फार मोलाची वाटते. आज टर्नटेबलवर खर्च करा, दोन वर्षांनी सुई झिजली की त्याच वेळी वरच्या दर्जाची घ्या. एका सुईचं आयुष्य साधारण पाचशे ते हजार तास धरतात. रोज एक एलपी ऐकणाऱ्या घरात ते दोन-तीन वर्षांत संपतं. पहिली सुई लावल्याची तारीख एका कागदावर लिहून तो टर्नटेबलच्या खाली चिकटवा. मी तेवढं केलं असतं तरी पुष्कळ होतं.

दुकानदार मूव्हिंग कॉइल प्रकारचं कार्ट्रिज सुचवू शकतो. त्याचा आवाज सुंदर असतो, वाद नाही. पण त्यातल्या बहुतेकांची सुई घरी बदलता येत नाही आणि त्याला अ‍ॅम्प्लिफायरही जास्त ताकदीचा लागतो. घरात लहान मुलं असतील, झाडू-फडक्याची धांदल असेल, तर पहिल्या सेटअपसाठी मूव्हिंग मॅग्नेटच बरं. कधीतरी कुणाच्या तरी ओढणीत ती सुई अडकणारच आहे.

तीन नावं, तीन स्वभाव

या किमतीच्या आसपास गेलात की फिरून फिरून काही ठरावीक नावं समोर येतात. मी तीनच घेते, कारण तिघांचे विचार वेगळे आहेत आणि त्यातून तुम्हाला तुमचा कल समजेल.

इंग्लंडमधली रेगा ही कंपनी 1973 सालची. त्यांचं प्लॅनर 3 हे मॉडेल सत्तरच्या दशकापासून वेगवेगळ्या रूपांत चालत आलंय. त्यांचं म्हणणं असं की टर्नटेबल हलकं आणि ताठ असावं, म्हणजे थरथर त्यात साठून राहत नाही. काचेचं ताट, रबरी पट्ट्यावर फिरणारं, आणि टोनआर्म तर नावाजलेला. आवाजात जिवंतपणा आहे. पण सोयींच्या बाबतीत अगदी संन्यासी. 33वरून 45वर जायचं तर ताट उचलायचं आणि पट्टा हाताने दुसऱ्या खोबणीत सरकवायचा. वेग बदलायचं बटण हवं असेल तर वेगळा पॉवर सप्लाय विकत घ्यावा लागतो. 78 नाहीच. पेटीत सगळ्या एलपी असतील आणि टर्नटेबल वापरणारी व्यक्ती एकच, तीही शिस्तीची असेल, तर याच्यासारखं दुसरं नाही. पण आजीला एक एलपी, मग दोन ईपी, मग परत एलपी ऐकायची सवय असेल तर चार दिवसांत घरात कुरकुर सुरू होईल.

प्रो-जेक्ट ही कंपनी ऑस्ट्रियाची, कारखाना चेक प्रजासत्ताकात. त्यांचं डेब्यू कार्बन ईव्हीओ हे लाखाच्या बऱ्याच खाली राहणारं, पण ‘साधं’ या वर्गातून नक्की बाहेर पडलेलं मॉडेल. कार्बन फायबरचा दांडा, बटणाने 33 आणि 45, आणि वेगळा पट्टा लावून 78. बजेट ताणलं जात असेल तर लाखाचा हट्ट सोडा, हे घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला. मला विचाराल तर बहुतेक घरांना एवढं पुरतं.

तिसरं जपानचं टेक्निक्स, म्हणजे पॅनासोनिकचंच. यांच्यात पट्टा नसतो. ताट थेट मोटरवर बसतं, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. 1972 साली आलेलं एसएल-1200 पुढे जगभरच्या डीजेंनी डोक्यावर घेतलं. 2010 साली कंपनीने उत्पादन बंद केलं आणि मागणी वाढल्यावर 2016 साली पुन्हा सुरू केलं. त्यांचं एसएल-1500सी हे डीजेंसाठी नव्हे, घरासाठी केलेलं मॉडेल आहे. 33, 45, 78 तिन्ही वेग बटणावर. कार्ट्रिज सोबत येतं, फोनो स्टेज आतच असते. आणि बाजू संपली की दांडा आपोआप वर उचलला जातो.

ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते आजी-आजोबा असलेल्या घरातच कळतं. रेकॉर्ड ऐकता ऐकता डुलकी लागते. सुई शेवटच्या खाचेत तासभर खर्र खर्र फिरत राहते आणि उगाच झिजते. महागड्या टर्नटेबलांपैकी बहुतेक पूर्ण हाताने चालवायची असतात, दांडा तुम्हीच ठेवायचा, तुम्हीच उचलायचा. आजीचा हात आता थोडा कापतो. म्हणून आम्ही आवाजाच्या शर्यतीत पहिलं कोण, हे बाजूला ठेवून हे मॉडेल घेतलं.

शिवाय टेक्निक्सच्या दांड्याचं पुढचं डोकं, म्हणजे हेडशेल, फिरवून काढता येतं. एका हेडशेलवर एलपीची सुई, दुसऱ्यावर 78ची सुई कायमची बसवून ठेवायची. बदलायला अर्धा मिनिट लागतो. फक्त दर वेळी मागचं वजन पुन्हा जुळवायला विसरायचं नाही. 78च्या फार जुन्या तबकड्या असतील तर त्याच कंपनीचं एसएल-1200 एमके7 बघा. त्यात वेग थोडा कमी-जास्त करायची पट्टी आहे. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या बरोबर 78च फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत, त्यामुळे गायकाची खरी पट्टी सापडायला ती उपयोगी पडते.

टर्नटेबल एकटं वाजत नाही

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. सगळे पैसे टर्नटेबलवर खर्च होतात, खोकं घरी येतं आणि मग कळतं की त्याला स्पीकरच नाहीत.

कार्ट्रिजमधून निघणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो, तीन ते पाच मिलिव्होल्टचा. सीडी प्लेयरच्या तुलनेत कित्येकशे पट लहान. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे खर्जातले आवाज मुद्दाम लहान करतात आणि वरचे मोठे. तसं केलं नाही तर खाचा रुंद होऊन बाजूला वीस मिनिटं मावणार नाहीत. वाजवताना हे सगळं उलटं करून मूळ आवाज परत आणावा लागतो. हे काम फोनो स्टेज करते. ती टर्नटेबलमध्ये, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा वेगळ्या डबीत, कुठेतरी असायलाच हवी. आणि शक्यतो एकाच ठिकाणी चालू असावी. दोन्हीकडे चालू राहिली तर आवाज फाटतो.

घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याची मागची बाजू बघा. ऐंशीच्या दशकातल्या सोनोडाइन किंवा कॉस्मिकसारख्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली जागा असू शकते. चांगल्या मेकॅनिककडून तो तपासून घेतला तर मोठा खर्च वाचतो. नसेल तर आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर घ्या, तारा कमी होतात. माझं साधं मत असं, की एकूण बजेटचा निम्म्याहून जास्त भाग टर्नटेबलला देऊ नका. पावणेदोन लाखांच्या टर्नटेबलवर पाच हजारांचे स्पीकर म्हणजे पैठणीवर हवाई चप्पल.

अमेरिकेतला भाऊ आणि विजेची गंमत

कुणाचा ना कुणाचा चुलतभाऊ अमेरिकेत असतोच. तिकडे जुनी नामांकित टर्नटेबलं वापरलेली मिळतात आणि तो म्हणतो, “येताना घेऊन येतो की!” घेण्याआधी त्याला मोटरचा प्रकार विचारा. जुन्या पट्ट्याच्या अनेक टर्नटेबलांची मोटर थेट घरच्या विजेच्या ठोक्यावर चालते. अमेरिकेत तो ठोका सेकंदाला 60, आपल्याकडे 50. ट्रान्सफॉर्मर लावून 230 व्होल्टचे 120 होतात, पण 50चे 60 होत नाहीत. मग 33⅓ची रेकॉर्ड 28पेक्षाही कमी फेऱ्यांवर फिरते आणि गायक हार्मोनियमच्या तीन पट्ट्या खाली उतरतो. काही मॉडेलांना 50च्या विजेसाठी वेगळी पुली मिळते, पण ती शोधावी लागते. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या मॉडेलांना सहसा ही अडचण येत नाही. पण विमानातून आलेल्या वस्तूची वॉरंटी इथे चालेल का आणि सुई-पट्टा इथे मिळेल का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

अर्थिंगही तपासून घ्या. टर्नटेबलमधून एक बारीक तार वेगळी निघते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंड लिहिलेल्या स्क्रूला जोडायची असते. ती राहिली की स्पीकरमधून सतत हम्म असा आवाज येतो. जुन्या घरांतल्या काही तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन नुसती शोभेला असते. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

घरात कुठे ठेवाल?

स्पीकर ज्या टेबलावर, त्याच टेबलावर टर्नटेबल ठेवू नका. स्पीकरची थरथर सुईपर्यंत जाते आणि आवाज वाढवला की घुमायला लागतं. भिंतीत पक्की ठोकलेली फळी सगळ्यात उत्तम, निदान जड कपाट तरी असावं. गवंडी पातळी बघायला वापरतात तसली छोटी लेव्हल ताटावर ठेवून दोन्ही दिशांनी तपासा.

मग सुईचं वजन. प्रत्येक कार्ट्रिजच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, ऑर्टोफोन 2एम रेडचं 1.8 ग्रॅम. सुटकेस प्लेयरची सुई बरेचदा पाच ग्रॅमच्या आसपास दाबते, आता हिशेब करा. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते, हा मात्र गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तिच्या भिंती खरवडते. दांड्याच्या मागच्या वजनावरचे आकडे अंदाजे असतात, त्यासाठी छोटा डिजिटल वजनकाटा विकत घ्या. टर्नटेबलच्या किमतीपुढे तो फुकटच म्हणायचा. कार्ट्रिज सरळ बसलंय की नाही हे बघायची कागदी पट्टी बहुतेक वेळा खोक्यात येते. पहिल्यांदा दुकानदाराकडूनच बसवून घ्या आणि तो बसवत असताना बाजूला उभं राहून बघा.

धुळीसाठी झाकण असलेलंच मॉडेल घ्या. काही महागड्या टर्नटेबलांना झाकण नसतं. ती दिसतात सुंदर, पण पंख्याखाली आणि उघड्या खिडकीपाशी दोन दिवसांत पांढरी होतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात रेकॉर्डच्या कव्हरला बुरशी धरते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, आतला कागद कुबट झाला असेल तर नवीन घाला. नागपूर, इंदूर, दिल्लीच्या कोरड्या हवेत उलट त्रास, रेकॉर्डला वीज धरते आणि धूळ चिकटते. तिथे कार्बन फायबरचा ब्रश प्रत्येक बाजूआधी एकदा फिरवा.

दुकानात जाताना

ऐकल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या शहरांत ऑडिओची दुकानं वेळ ठरवून ऐकवतात. त्यांच्या डेमोच्या रेकॉर्ड्स मस्तच वाजणार, म्हणून आपल्या रेकॉर्ड्स न्या, आधी पुसून. एक ख्यालाची एलपी, तानपुऱ्यासाठी आणि शेवटच्या तानांसाठी. एक घरच्यांना पाठ असलेली गाण्यांची ईपी. शक्य असेल तर जो रोज ऐकणार आहे त्यालाही घेऊन जा आणि दांडा त्याच्याच हाताने ठेवायला लावा. सुई इथे मिळते का, पट्टा किती दिवसांत येतो, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे तीन प्रश्न तिथेच विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या.

आमच्याकडे आता संध्याकाळी परत रेकॉर्ड लागते. आजीने पहिल्या दिवशी यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, “आपला फिएस्टा एवढा जड नव्हता गं.” मग ती ईपी मागितली. पहिल्या गाण्यात तिला सनईमागे एक संतूर ऐकू आलं. ते तिथे होतं हे तिला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी ती नुसता हात वर करते आणि मी सुई उचलते.